टाइन नदीचे दोन काठ

१८९१ चा एप्रिल. इंग्लंडच्या ईशान्येला, टाइन नदीच्या उत्तर काठावरच्या न्यूकॅसल शहरात जॉर्ज मरे नावाचा पंचविशीतला डॉक्टर एक रुमाल उकळत्या पाण्यात बुडवत होता. नुकत्याच कापलेल्या मेंढीच्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी त्यानं मिळवली होती. तिचे बारीक तुकडे करून ते थोड्या ग्लिसरीनमध्ये आणि कार्बोलिक आम्लाच्या सौम्य द्रावात भिजत घातले होते. चोवीस तास झाले होते. आता ते तुकडे रुमालात बांधून पिळायचे होते, आपल्याकडे काढ्याचा चोथा फडक्यातून पिळतात तसे. पिळ्यावर पिळा दिल्यावर हाती आला तो चमचाभरही नसलेला गुलाबीसर, गढूळ रस. तो त्यानं सुईनं एका बाईच्या कातडीखाली टोचला.

बाई ४६ वर्षांच्या होत्या. गेली चार-पाच वर्षं त्यांचं अंग जड होत चाललं होतं. चेहरा सुजलेला, बोलणं इतकं संथ की एकेक शब्द ओढून काढावा लागे. थंडी अजिबात सोसत नसे. अनोळखी माणसासमोर यायचं म्हटलं की नकोसं होई. फेब्रुवारीत मरेनं त्यांना स्थानिक वैद्यकीय मंडळाच्या सभेत नेलं होतं आणि मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून बघू या, असं सुचवलं होतं. एका ज्येष्ठ सभासदानं ती कल्पना तिथल्या तिथं मोडीत काढली. मग मज्जारज्जूच्या आजारावर मज्जारज्जूचाच लगदा टोचा की, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

तीन महिन्यांत बाईंचा चेहरा उतरला. म्हणजे खरोखरच उतरला, सूज गेली आणि मूळचा चेहरा वर आला. बोलणं सुटं झालं. घाम येऊ लागला. घरकाम पूर्वीपेक्षा सहज उरकू लागलं. मरेनं ऑक्टोबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे सगळं छापलं. पुढच्याच वर्षी इतर डॉक्टरांच्या ध्यानात आलं की टोचायचीही गरज नाही, ग्रंथी पोटात गेली तरी भागतं. कुणी ती हलकी परतून, बेरीच्या जेलीबरोबर खायला दिली. मरेच्या बाई अर्क घेत राहिल्या आणि १९१९ मध्ये, ७४ व्या वर्षी, हृदय थकून वारल्या. पहिल्या टोचणीनंतर अठ्ठावीस वर्षं त्या जगल्या होत्या. मरेनं हिशेब ठेवला होता: एवढ्या काळात त्यांच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या.

ही यशाची गोष्ट आहे आणि ती वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. पण त्यातली चार-पाच वर्षं मला टोचत राहतात. एक बाई डोळ्यांदेखत मंदावत गेली आणि तिचा आजार ओळखू आला तो पार टोकाला पोचल्यावर. त्या काळच्या डॉक्टरांना दोष देता येत नाही. या आजाराची ओळखच मुळी अठरा वर्षांची होती. १८७३ मध्ये लंडनच्या विल्यम गल यांनी पाच प्रौढ स्त्रियांच्या अशा अवस्थेचं वर्णन वाचून दाखवलं होतं, तेव्हा त्याला नावही नव्हतं. १८७८ मध्ये विल्यम ऑर्ड यांनी ‘मिक्सिडीमा’ हे नाव दिलं. आणि थायरॉइडशी त्याचा संबंध उघड झाला तो स्वित्झर्लंडमध्ये, काहीशा क्रूर वाटेनं. बर्नचे नामांकित शल्यविशारद थिओडोर कोखर गलगंडावर शस्त्रक्रिया करताना कधीकधी अख्खी ग्रंथीच काढून टाकत. त्यांचा हात इतका सफाईदार होता की मागे काहीच शिल्लक राहत नसे. जिनिव्हाच्या रेव्हर्दँ यांनी अशा शस्त्रक्रियेनंतर माणसं सुजतात, मंदावतात, असं सांगितल्यावर कोखरनं आपले जुने रोगी परत बोलावले. संपूर्ण ग्रंथी काढलेले अठरा जण आले. त्यांतल्या सोळा जणांची तीच गत झालेली होती. १८८३ मध्ये कोखरनं हे भर परिषदेत स्वतः मांडलं आणि साध्या गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढणं सोडून दिलं. त्यांना १९०९ मध्ये नोबेल मिळालं. मला त्यांचं मोठेपण आपल्याच हातच्या रोग्यांना परत बोलावून पाहण्यात जास्त दिसतं.

तर ग्रंथी कळली, औषध सापडलं. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉलनं थायरॉक्सिन या थायरॉइडच्या हॉर्मोनचे स्फटिक वेगळे केले, १९२७ पर्यंत हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयारही केलं. ओळखायचं कसं, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. दारातून आत येताच ओळखू येणारा रोगी सोपा. जो अर्धवट आजारी आहे, ज्याला नुसता थकवा आहे, त्याचं काय? काही दशकं उपाशीपोटी आडवं झोपवून, नाकाला चिमटा लावून, श्वासातला प्राणवायू मोजत. माणूस नुसता घाबरला तरी आकडा चुके. पुढं रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं आयोडीन मोजू लागले. ते बरं होतं, पण आयोडीन असलेलं खोकल्याचं औषध घेतलं असेल किंवा एक्स-रेसाठी शिरेत रंगद्रव्य दिलेलं असेल, तर तो आकडाही बाद.

माझ्या आत्याचं दुखणं याच अंधारातलं. तालुक्याच्या गावी तिचा आवाज जाड होत गेला, केस विरळ झाले, दुपारी सूप हातात घेऊन बसली की बसल्या जागी डोळा लागायचा. घरातले म्हणायचे, वय झालं. डॉक्टर शक्तीच्या गोळ्या द्यायचे. “आळस भरलाय गं अंगात माझ्या,” असं तीच आम्हाला सांगायची, आणि ते वाक्य मला आजही ऐकवत नाही. एका पाहुण्या डॉक्टरांनी तिचा गुडघ्याचा झटका पाहिला. पाय उडाला, पण परत खाली यायला त्यानं रेंगाळून वेळ घेतला. रक्त मुंबईला पाठवलं गेलं. आळस नव्हताच तो.

ते रक्त मुंबईत मोजता आलं, त्यामागे न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयातली एक खोली आहे. रोझलिन यॅलो या भौतिकशास्त्रज्ञ बाई तिथं रुजू झाल्या तेव्हा त्यांना मिळालेली प्रयोगशाळा म्हणजे मुळात झाडूपोछ्याचं सामान ठेवायची खोली होती. १९५० मध्ये सॉलोमन बर्सन हे डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. दोघं मधुमेहींच्या शरीरात इन्सुलिनचं काय होतं ते पाहत होते. बाहेरून इन्सुलिन घेणाऱ्यांच्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, असं त्यांना आढळलं. इतक्या छोट्या रेणूविरुद्ध प्रतिपिंडं कशी होतील, म्हणून त्यांचा लेख परत आला. अखेर मथळ्यातला तो शब्द काढल्यावर १९५६ मध्ये तो छापला गेला. नाकारल्याचं पत्र यॅलोंनी जपून ठेवलं आणि नोबेल व्याख्यानात ते लोकांसमोर मांडलं.

त्या प्रतिपिंडांतूनच मोजमापाची रीत निघाली. ती पंगतीसारखी आहे. समजा, पन्नासच पाट मांडलेत. शंभर पाहुण्यांना आपण लाल पागोटी बांधून आत सोडलं. त्यांच्याबरोबर बिनपागोट्याचे किती पाहुणे शिरलेत ते ठाऊक नाही. सगळे सारख्याच घाईनं पाट धरणार. पंगत बसली की लाल पागोटी मोजायची. बसलेल्यांत ती जितकी कमी, तितके साधे पाहुणे जास्त. पाट म्हणजे प्रतिपिंडं, पागोटेवाले म्हणजे किरणोत्सारी खूण लावलेलं हॉर्मोन, साधे पाहुणे म्हणजे रोग्याच्या रक्तातलं हॉर्मोन. मिलिलिटरभर रक्तात ग्रॅमच्या अब्जाव्या भागाइतका पदार्थ असला, तरी तो या रीतीनं मोजता येऊ लागला. दोघांनी तिचं पेटंट घेतलं नाही. बर्सन १९७२ मध्ये गेले. यॅलोंना १९७७ चं नोबेल मिळालं तेव्हा ते शेजारी उभे नव्हते.

थायरॉइडसाठी या रीतीचा खरा उपयोग १९६५ मध्ये झाला. रॉबर्ट उटिगर यांनी, आणि त्याच वर्षी ओडेल व सहकाऱ्यांनी, माणसाच्या रक्तातलं टीएसएच हे हॉर्मोन मोजून दाखवलं. टीएसएच थायरॉइडचं नव्हे, ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचं. ती मुकादम आहे. थायरॉइडचं काम जरासं मागं पडलं की मुकादमाचा आवाज चढतो. माल अजून पुरेसा निघत असतो, गिऱ्हाइकाला काही कळलेलं नसतं, आणि मुकादम मात्र दुप्पट-तिप्पट ओरडू लागलेला असतो. म्हणून टीएसएच पाहिलं की थायरॉइडची कुरकुर ती थकण्याआधीच ऐकू येते. थायरॉक्सिनचा आकडा ठाकठीक, टीएसएच मात्र चढलेलं, अशी माणसं सापडू लागली. त्यांना काय म्हणायचं? रोगी म्हणावं तर तक्रार नाही. निरोगी म्हणावं तर रक्त वेगळंच बोलतंय.

१९६८ मध्ये विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक पुस्तिका लिहिली होती. तक्रार नसलेल्या माणसांची सरसकट तपासणी कधी करावी, याच्या कसोट्या त्यांनी त्यात घातल्या. एक कसोटी अशी की त्या आजाराची आपली स्वाभाविक चाल ठाऊक हवी: सुरुवात कुठं होते, तो कुठवर जातो, किती जणांत वाढतो, किती जणांत जागच्या जागी राहतो. थायरॉइडबाबत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी आजवर पाहिली होती ती दवाखान्यात आलेली माणसं. न आलेल्यांची मोजदाद कुणी केलेली नव्हती.

इथं गोष्ट पुन्हा टाइनकाठी येते. न्यूकॅसलच्या रेजिनाल्ड हॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला टीएसएच मोजण्याची आपली पद्धत बसवली होती. शहरासमोर, नदीच्या दक्षिणेला व्हिकहॅम आहे. थोडं शहरी, थोडं ग्रामीण, अख्ख्या ब्रिटनचा प्रौढ समाज लहान आकारात पाहावा असं. १९७२ ते १९७४ या काळात टनब्रिज, एव्हर्ड, हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या २७७९ प्रौढांना तपासलं. यातल्या बहुतेकांना काही होत नव्हतं, आणि नेमकी तीच माणसं हवी होती. प्रत्येकाला प्रश्न विचारले, गळा चाचपला, रक्त घेतलं. १९७७ मध्ये निष्कर्ष छापून आले.

हजार स्त्रियांमागे १४ जणींची थायरॉइड उघडपणे मंदावलेली होती, पुरुषांत हजारामागे एकसुद्धा नाही. अतिवेगानं चालणाऱ्या थायरॉइडचं प्रमाण स्त्रियांत हजारामागे १९ होतं. खरी चकित करणारी गोष्ट त्याखाली दडलेली होती. ७.५ टक्के स्त्रियांचं आणि २.८ टक्के पुरुषांचं टीएसएच सहाच्या वर होतं. म्हणजे दर तेरा-चौदा बायकांत एकीचा मुकादम ओरडत होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. पंचेचाळिशीनंतर बायकांतला हा आकडा झपाट्यानं चढत होता. पण ज्यांच्या रक्तात थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं होती त्यांना बाजूला काढलं, की ती चढण जवळजवळ सपाट होत होती. ‘वय झालं’ म्हणून जे सोडून दिलं जायचं, त्यातलं बरंचसं वय नव्हतंच. शरीर आपल्याच ग्रंथीवर उलटलेलं होतं. हे वाचलं तेव्हा मी आत्याला आठवून बराच वेळ गप्प बसले होते.

अशा निष्कर्षानंतर दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांची तपासणी सुरू करा, असं म्हणणं सोपं होतं. न्यूकॅसलच्या मंडळींनी थांबून पाहिलं. वीस वर्षांनी मार्क व्हँडरपंप आणि सहकारी पुन्हा व्हिकहॅममध्ये गेले. आठशेहून अधिक माणसं वारली होती. हयात असलेल्या १८७७ पैकी ९६ टक्के या फेरतपासणीत सहभागी झाले. वीस वर्षांत लोक घरं बदलतात, लग्नं होऊन नावं बदलतात, पोरांकडे राहायला जातात. त्यांना एकेक करून गाठायचं आणि पुन्हा दंड पुढं करायला लावायचं, हे काम किती चिवट असेल ते ज्यानं गावात साधी वर्गणी गोळा केली आहे त्याला कळेल.

१९९५ मध्ये उत्तर मिळालं. टीएसएच चढलेलं आणि प्रतिपिंडंही आहेत, अशा स्त्रियांपैकी दरसाल ४.३ टक्के जणींची थायरॉइड खरोखर मंदावत गेली. दोहोंपैकी एकच गोष्ट असेल तर प्रमाण जवळपास निम्मं. म्हणजे चढलेला आकडा पुढच्या दुखण्याची वर्दी देतो हे खरं, पण वर्दी आली म्हणजे पाहुणा येतोच असं नाही. आणखी एक बारीक गोष्ट निघाली. धोका सहावर अचानक सुरू होत नाही, टीएसएच दोनच्या वर गेलं की तो हळूहळू वाढू लागतो.

या शेवटच्या वाक्यानं पुढं मोठा वाद पेटवला. तोवर मोजण्याची तंत्रं बदलली होती. किरणोत्सारी खुणेऐवजी प्रकाश देणारी रसायनं आली, यंत्रं तासाला शेकडो नमुने तपासू लागली, चाचणी स्वस्त झाली. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात आरोग्य मेळाव्यांतून २५,८६२ लोकांचं रक्त तपासलं गेलं आणि ९.५ टक्क्यांचं टीएसएच चढलेलं निघालं. २००० मध्ये अमेरिकन थायरॉइड असोसिएशननं सांगितलं, पस्तिशीपासून दर पाच वर्षांनी सगळ्यांची चाचणी करा. काहींनी तर वरची हद्द साडेचारवरून अडीचवर आणा असा आग्रह धरला. ती आणली असती तर एका रात्रीत दोन कोटींहून जास्त अमेरिकनांची गणना रोग्यांत झाली असती, एकाचीही तब्येत न बदलता. मग थायरॉइडच्या तीन मोठ्या संघटनांनी मिळून तज्ज्ञांची समिती बसवली. तिनं पुरावे तपासून २००४ मध्ये सांगितलं, सरसकट तपासणी नको. पुढच्या वर्षी त्याच तीन संघटनांनी आपल्याच समितीशी असहमती जाहीर केली. प्रतिबंधक आरोग्यसेवांवर सल्ला देणाऱ्या अमेरिकी कृतिदलानं २००४ आणि २०१५ अशी दोनदा एकच गोष्ट सांगितली: तक्रार नसलेल्या प्रौढांच्या तपासणीनं भलं होतं की नुकसान, हे ठरवायला पुरावा पुरेसा नाही.

आपल्याकडे थायरॉइडचा प्रश्न आधी मिठाचा होता. १९५६ पासून हिमालयाच्या पायथ्याच्या कांगडा खोऱ्यात रामलिंगस्वामी आणि त्यांच्या चमूनं आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड ओसरतो हे दाखवलं. १९७३ मध्ये त्यावर निघालेल्या शोधनिबंधात देव आणि करमरकर ही आपली दोन नावं आहेत. रक्ताच्या चाचणीची वाट मुंबईत परळला तयार झाली. तिथं १९६३ मध्ये अणुऊर्जा विभागाचं रेडिएशन मेडिसिन सेंटर उघडलं. २०१३ मध्ये आठ शहरांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यांत मुंबई आणि गोवाही होते. ५३६० प्रौढांपैकी १०.९५ टक्क्यांची थायरॉइड मंद निघाली, आणि त्यांतल्या साधारण तिघांमागे एकाला ते आधी माहीत नव्हतं. मिठात आयोडीन आल्यावरही हे प्रमाण इतकं राहिलं. किनाऱ्यावरच्या शहरांपेक्षा आतल्या भागातल्या शहरांत ते थोडं जास्तच होतं.

मला या चाचणीबद्दल कृतज्ञता वाटते, आणि ती लपवायची नाही. ज्या बाईला थकवा आहे, आवाज बसलाय, पाळी बिघडलीय, गळ्याशी काही लागतंय, जिच्या घरात आईला-मावशीला थायरॉइड आहे, जिला दिवस गेलेत किंवा राहत नाहीत, तिचं टीएसएच बघायलाच हवं, आणि कुणी ‘मनाचं आहे’ म्हणालं तर तिनं भांडून करून घ्यावं. पण वाढदिवसाच्या सवलतीत ‘फुल बॉडी चेकअप’ करून घेणाऱ्या, काहीही न होणाऱ्या माणसाच्या कागदावर ५.८ हा आकडा ठळक अक्षरांत येतो, ती वेगळी गोष्ट आहे. तो आकडा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहिला तर कितीदा आपोआप खाली आलेला असतो. तरी तोवर रोज पहाटे उपाशीपोटी घ्यायची गोळी सुरू झालेली असते, आणि ती मग सुटत नाही.

ती गोळी किती उपयोगी पडते हे २०१७ मध्ये पारखलं गेलं. ब्रिटन, आयर्लंड, नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमधले पासष्टीपुढचे ७३७ लोक घेतले. टीएसएच किंचित चढलेलं, सरासरी ६.४०. सरासरी वय ७४, मरेच्या बाई गेल्या त्या वयाचे. निम्म्यांना थायरॉक्सिन, निम्म्यांना दिसायला हुबेहूब पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळतंय हे त्यांना ठाऊक नव्हतं, देणाऱ्यांनाही नाही. दहाच्या वर टीएसएच असलेले त्यांत थोडेच होते, त्यामुळे त्यांच्याबद्दल यातून फारसं सांगता येत नाही. बाकीच्यांचा वर्षानं हिशेब झाला. औषध घेणाऱ्यांचा आकडा ३.६३ वर उतरला. बिनऔषधाच्या गोळीवाल्यांचाही ५.४८ वर आला होता. मग दोन्ही गटांना थकव्याचे, थंडी सोसण्याचे, अंग जड वाटण्याचे तेच प्रश्न विचारले, मरेच्या बाई ज्यांची उत्तरं ओढून ओढून देत होत्या ते. या चाचणीचं एक केंद्र बर्नमध्ये होतं, जिथं कोखरनं आपले रोगी परत बोलावले होते. दोन्ही गटांची उत्तरं सारखीच आली.